पाऊस, खिडकी आणि सुगरणीचा खोपा : घरबसल्या निसर्ग पाहण्याचा इतिहास

१/
गेले तीन दिवस पुण्यात पावसाची झड लागली आहे. ग्रंथालयात जाणे रद्द झाले, प्रबंधाची टिपणे उशाशी पडून आहेत आणि मी खिडकीपाशी बसले आहे. समोरच्या शेवग्यावर एक दयाळ पक्षी अंग फुलवून पाणी झटकतो आहे. मोबाइलने त्याची अकरा छायाचित्रे घेतली; त्यांपैकी दहांमध्ये नुसता राखाडी धूसरपणा उमटला. अशा दिवसाला आपण ‘वाया गेलेला दिवस’ म्हणतो. या धाग्यात इतिहासातले असेच काही ‘वाया गेलेले’ पावसाळे पाहू.

२/
प्रश्न साधा आहे. अंगणात, परसात, खिडकीबाहेर जे पशुपक्षी दिसतात त्यांच्याकडे बघत बसणे हा निव्वळ विरंगुळा आहे, की त्यातून ज्ञानही निर्माण होते? होत असेल, तर नुसते पाहणे आणि ज्ञान यांच्यामध्ये नेमके काय घडावे लागते? उत्तरासाठी चार ठिकाणी जाऊ : १६१८ चे अहमदाबाद, १८८० च्या दशकातला मुंबई इलाखा, १९३० चे किहीम आणि शेवटी माझ्या आजोळची एक विहीर.

३/
पहिला मुक्काम अहमदाबाद. १६१८ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बादशाह जहाँगीर या शहरात अडकून पडला होता. आग्र्याकडे निघालेला लवाजमा उकाडा आणि रोगराई यांमुळे परत फिरला होता. शहरावर बादशाहाची इतकी खप्पामर्जी झाली की आपल्या आठवणींत त्याने त्याला ‘गर्दाबाद’, म्हणजे धुळीचे शहर, अशी नावे ठेवली. मात्र याच सक्तीच्या मुक्कामात त्याच्या हातून एक असे काम झाले, जे आजही पक्षिशास्त्राच्या इतिहासात आदराने सांगितले जाते.

४/
त्याच्याजवळ सारस पक्ष्यांची एक जोडी होती. पिल्ले असल्यापासून वाढवलेली; नावे लैला आणि मजनू. या जोडीचे मीलन होताना दिसले, अशी वर्दी त्यांची निगा राखणाऱ्या खोजाने दिली. ‘पुन्हा तशी चिन्हे दिसली तर मला लगेच कळवा,’ असा हुकूम बादशाहाने सोडला. एके दिवशी पहाटे वर्दी आली आणि हिंदुस्थानचा बादशाह लगबगीने सारस बघायला गेला.

५/
पुढचे त्याचे टिपण वाचताना आपण रोजनिशी वाचतो आहोत की शोधनिबंध, असा प्रश्न पडतो. मादीने अंडी कधी घातली, रात्रभर ती अंड्यांवर कशी बसून राहते, नर जवळ उभा राहून पहारा कसा देतो, उजाडल्यावर तो येऊन चोचीने तिची पाठ कशी खाजवतो आणि मग ती उठून त्याला जागा कशी देते, हे सारे जहाँगीरनाम्यात आहे. त्यात उपमा-अलंकार फारसे नाहीत. दिवस मोजलेले आहेत.

६/
इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझे लक्ष दोन गोष्टींकडे जाते. पहिली गोष्ट अशी की ही नोंद आपल्यापर्यंत पोचली ती बादशाहाची होती म्हणून. दुसरी, पहिल्यांदा पाहणारा डोळा बादशाहाचा नव्हता. तो त्या खोजाचा होता, आणि त्याचे नाव या गोष्टीत कुठेच येत नाही. ही खूण लक्षात ठेवा. निसर्गनिरीक्षणाच्या इतिहासात ती पुन्हापुन्हा भेटते.

७/
आता अडीचशेहून अधिक वर्षे पुढे येऊ. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हा स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा. जन्म १८५१, साताऱ्याचा. शिक्षण मुंबई-पुण्यात. काही वर्षे डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवल्यावर १८७६ मध्ये तो मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात रुजू झाला. या नोकरीने त्याला खाराघोडा, उरण, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी असे फिरवले. ‘एहा’ या आद्याक्षरी टोपणनावाने तो लिहीत असे.

८/
१८८३ मध्ये त्याचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक आले. नाव वाचून वाटावे की वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांविषयी असेल. दुसरे अफगाण युद्ध संपून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि अशा पुस्तकांची चलती होती. आत मात्र उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे, कोळी, बेडूक आणि बागेतले पक्षी आहेत! लेखकाची ‘सरहद्द’ म्हणजे त्याच्या बंगल्याचा व्हरांडा, आणि पुस्तकाचे उपशीर्षक आहे ‘एका हिंदी निसर्गप्रेमीचे परराष्ट्र धोरण’.

९/
पुस्तकातले ‘डस्टीपोर’ हे गाव म्हणजे कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरचे खाराघोडा. पावसाळ्यात रणात पाणी भरते आणि मिठागरे थंडावतात. अशा ओसाड जागी, जिथे शिकारीला वाघ नाही आणि फिरायला रान नाही, तिथे एटकिनने आपल्या भिंतीवरच्या पालीकडे बघायला सुरुवात केली. त्या काळी निसर्गावरचे इंग्रजी लेखन बहुतांशी शिकारकथांचे होते. त्या गर्दीत या माणसाने दिव्याभोवतीचे किडे आणि कौलांतले उंदीर हा लेखनाचा विषय केला.

१०/
त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत काही मोजकी मंडळी एकत्र जमली आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ची स्थापना झाली. एटकिन त्यांत होताच. पण संस्थापकांत दोन मराठी डॉक्टरही होते. एक, प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग. दुसरे, डॉ. सखाराम अर्जुन. हे दुसरे नाव ओळखीचे वाटले का? रखमाबाईंच्या गाजलेल्या खटल्यात तिच्या पाठीशी उभे राहिलेले तिचे सावत्र वडील ते हेच. समाजसुधारणा आणि निसर्गाभ्यास ही दोन दालने आपण आज वेगळी ठेवतो. त्या पिढीत ती एकाच घरात होती.

११/
एटकिनचे गोडवे गाताना एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. १८८९ मध्ये त्याचे ‘बिहाइंड द बंगलो’ आले. त्याचा विषय बंगल्यामागे राहणारी नोकरमाणसे : माळी, हमाल, धोबी, आया. ज्या खट्याळ नजरेने त्याने उंदीर-मुंग्या रंगवल्या, जवळपास त्याच नजरेने त्याने ही माणसे रंगवली. व्हरांड्यातून दिसणारे सारेच त्याच्यासाठी ‘नमुने’ होते. बागेतला पक्षी कुठे बसतो हे माळ्याला साहेबाआधी ठाऊक असणार. पण पुस्तकात माळी स्वतः पाहण्याचा विषय झाला, पाहणारा झाला नाही.

१२/
कॅमेरा या कथेत कधी येतो? १८९२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी अंड्यांसह एका पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. १८९५ मध्ये त्यांचे घरट्यांवरचे पुस्तक निघाले. अथपासून इतिपर्यंत प्रत्यक्ष निसर्गातल्या छायाचित्रांनी सजलेले हे अशा प्रकारचे पहिले पुस्तक मानले जाते. त्याआधी पक्ष्याचे ‘अचूक’ चित्र हवे असेल, तर पक्षी मारून समोर ठेवावा लागे.

१३/
पण कॅमेरा पावसाला भीत असे. काचेच्या जड प्लेटा, तिवई, डोक्यावर काळे कापड; शिवाय ढगाळ उजेडात प्लेटेवर प्रतिमा उमटायला वेळ लागणार आणि तेवढा वेळ पक्षी थोडाच स्तब्ध बसणार! आपल्याकडची अडचण तर दुहेरी. सुगरण, शिंपी यांसारखे कितीतरी पक्षी ऐन पावसाळ्यातच घरटी करतात. म्हणजे जेव्हा पाहण्यासारखे सर्वाधिक असे, तेव्हाच उजेड सर्वांत कमी आणि दमट हवेने भिंगावर बुरशी चढायची. त्यामुळे पावसाळ्यातले खरे साधन बराच काळ वहीच राहिले.

१४/
आता सलीम अलींकडे येऊ. पण १९३० च्या आधी थोडे मागे, १९०६-०७ कडे. दहा-अकरा वर्षांचा सलीम चेंबूरच्या घरी होता. तबेल्याच्या भिंतीतल्या एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत, नर बाहेर पहाऱ्यावर. मुलाने आडोशाला बसून छर्‍याच्या बंदुकीने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. त्यालाही त्याने टिपले. असे सात दिवसांत आठ नर. मुलाने हे सारे लिहून ठेवले.

१५/
आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पुढे स्वतः सलीम अलींनीही कबूल केले की त्या वयात ती नोंद शिकारीच्या फुशारकीपोटी केली होती. तरीही तिच्यात चिमण्यांच्या जगण्याविषयीचा एक शोध दडला होता : जोडीदार गेला तर त्याची जागा घ्यायला दुसरे नर जवळपास तयार असतात. बंदूक तिथे होतीच. पण तो शोध टिकला वहीमुळे. बंदुकीचे काम पुढे दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने घेतले. वहीची जागा घेणारे काही निघाले नाही.

१६/
आता १९३०. सलीम अली बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून परतले होते. परत येऊन पाहतात तो प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. वय चौतिशीच्या उंबरठ्यावर आणि हातात काम नाही. पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आणि पुढच्या नोकरीची धास्ती असलेल्या कुणालाही ही परिस्थिती अनोळखी वाटणार नाही.

१७/
कोकणातला पावसाळा. घराजवळच सुगरणींची वसाहत भरली होती. सलीम अली लपणात बसून रोज तासन्‌तास पाहू लागले. कोणते घरटे आज कुठवर आले, कुणी गवताची पाती आणली, मादी कधी आली, कोणत्या घरट्यात शिरली आणि कोणत्यातून नुसतीच डोकावून गेली. एका दिवसाच्या पाहण्यातून यातले काहीच उलगडले नसते. तेच घरटे, तोच पक्षी, आणि काल काय होते याची लेखी नोंद, एवढ्यावर सगळा अभ्यास उभा होता.

१८/
तोवर सुगरणीविषयी कितीतरी गोड समजुती होत्या. घरट्यात चिखलाचे गोळे असतात ते काजवे चिकटवून उजेड करण्यासाठी, ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. वसाहतीत लोंबणारी अर्धवट घरटी नराला बसायला किंवा झोके घ्यायला असतात, असेही मानत. नर-मादी जोडीने संसार थाटतात, हे तर गृहीतच होते.

१९/
किहीमच्या नोंदींनी वेगळेच चित्र दाखवले. खोपा विणतो तो नर. डोक्यावर पिवळी टोपी घातलेला हा कारागीर घरटे शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत आणतो आणि थांबतो. मग माद्या येतात आणि आत शिरून काम तपासतात. पसंत पडले तर मादी तिथे राहते आणि नर खालची लांब नळी पुरी करतो. नापसंत झाले तर ते घरटे तसेच लोंबत राहते. अर्धवट घरट्यांचे कोडे असे सुटले : ती झोपाळे नव्हती, नाकारलेली घरे होती!

२०/
पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. एक मादी अंड्यांवर बसली की नर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. जमले तर तिसरीलाही. म्हणजे सुगरण नर एका हंगामात एकामागून एक अनेक जोडीदारणी करतो. अंडी उबवण्याचा भार मादीवर. १९३१ मध्ये हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि एका बेकार माणसाचा पावसाळा पक्षिशास्त्राच्या इतिहासात जमा झाला.

२१/
एक धागा जुळवायचा राहिला. किहीमच्या दोन-तीन वर्षे आधी, १९२७-२८ मध्ये, सलीम अलींनी त्याच नियतकालिकात मुघल बादशाहांच्या निसर्गनिरीक्षणावर दीर्घ लेखमाला लिहिली होती. म्हणजे जहाँगीरच्या नोंदी त्यांना चांगल्याच परिचयाच्या होत्या. अहमदाबादच्या सारसांपासून किहीमच्या सुगरणींपर्यंतचा प्रवास मी कल्पनेने जोडलेला नाही.

२२/
इथे मराठी वाचकाच्या मनात बहिणाबाई चौधरींची ‘खोपा’ कविता आल्याशिवाय राहणार नाही. आपल्या भाषेने या पक्ष्याला नावच स्त्रीचे दिले : सुगरण. कवितेतही आई आहे, पिल्लांसाठी झाडाला जीव टांगणारी. मग सलीम अलींनी बहिणाबाईंना खोटे ठरवले का? मला तसे वाटत नाही. विणणारा नर असला तरी त्या खोप्यात बसून अंडी उबवणारी आणि पिल्लांना वाढवणारी मुख्यतः मादीच. शेतात राबणाऱ्या बाईने खोप्यात बाईचे जगणे पाहिले, आणि तेही तिथे होतेच.

२३/
शिवाय बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने उतरवून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या. पुस्तक निघाले १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने. कुणी लिहून घेतले नसते तर जहाँगीरचा खोजा, एटकिनचा माळी यांच्या रांगेत आणखी एक निनावी पाहणारी जमा झाली असती.

२४/
आता विहीर. माझे आजोळ जुन्नर तालुक्यातले. मागच्या वर्षी आजीच्या ट्रंकेत एक रंगीत छायाचित्र सापडले : विहिरीवर ओणवलेली बाभूळ आणि तिला लोंबणारे खोपे. मोजले तर सतरा. आज ती बाभूळ नाही. विहीर रुंद करताना तोडली. खोपेही नाहीत. आजी म्हणते, ‘सगळा पावसाळा नुसता कलकलाट असायचा.’ मी विचारले, ‘पक्षी यायचे कधी थांबले?’ तिला आठवत नाही.

२५/
छायाचित्राच्या मागे तारीख नाही. आई म्हणते, मामाच्या लग्नाच्या आधीचे आहे. मामा म्हणतो, नंतरचे. कोपऱ्यात विजेचा पंप दिसतो, तेव्हा वीजजोडणी मिळाल्यानंतरचे नक्की. दगडी काठ जुनाच आहे, म्हणजे विहीर रुंद करण्याआधीचे. अभिलेखागारात शिकलेली सगळी अक्कल वापरूनही मी त्याला दहा-बारा वर्षांच्या फटीपलीकडे नेऊ शकले नाही. झाड आधी गेले की पक्षी आधी गेले, याचे उत्तर त्या फटीत हरवले आहे.

२६/
आपण एका पावसाळी दुपारी पूर्वी एक कुटुंब वर्षभरात काढत नसे इतकी छायाचित्रे काढतो. पण ती एकमेकांना पाठवता पाठवता तारीख गळून जाते, ठिकाण गळून जाते आणि उरतो एक सुंदर, मुका पक्षी. पन्नास वर्षांनी कुणी विद्यार्थी ‘या शहरात दयाळ कधीपर्यंत दिसत होते?’ असे विचारेल, तेव्हा त्याला आपल्या हजारो छायाचित्रांचा उपयोग माझ्या विहिरीच्या छायाचित्राइतकाच होईल.

२७/
म्हणून विनंती. उद्या पाऊस असेल आणि बाहेर पडता येत नसेल, तर खिडकीतून जे दिसेल त्याचे छायाचित्र जरूर घ्या. घरट्याच्या फार जवळ मात्र जाऊ नका. जुने छायाचित्रकार उजेडासाठी घरट्यापुढच्या फांद्या बाजूला बांधत किंवा छाटत. त्याने घरटे ऊन, पाऊस आणि कावळे यांना उघडे पडे. अनेक छायाचित्र-स्पर्धा आज घरट्यांची छायाचित्रे स्वीकारतच नाहीत, ते याच कारणाने.

२८/
आणि छायाचित्राखाली चार ओळी लिहा : कुठे, कधी, कोण, काय करत होते. पक्षी आधी दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडला असेल, तर त्यांचे नावही लिहा. आमच्याकडे दयाळ मला दिसला तो जिना पुसायला येणाऱ्या मावशींनी दाखवला म्हणून. त्या म्हणाल्या, तो रोज याच फांदीवर बसतो. मी या घरात दोन वर्षे राहते आहे. मला ठाऊक नव्हते. वहीत त्यांचे नाव लिहिले आहे. इथे त्यांच्या सांगण्यावरून ‘मावशी’ एवढेच.

२९/
माझी आजची नोंद :

पुणे, १९ ऑगस्ट २०२५. सकाळी ९.४०. पावसाचा तिसरा दिवस, वारा नाही. शेवग्याची उत्तरेकडची दुसरी फांदी. दयाळ, नर, एकटा. सहा मिनिटे पंख साफ करत होता. बुलबुल आल्यावर उडून गेला. प्रथम पाहिले : मावशी. छायाचित्रे ११, त्यांतले एक बरे.

(समाप्त. तुमच्या खिडकीतल्या नोंदी खाली लिहा, तारखेसह.)